तब्येत झाली म्हणजे काय झालं?

कोल्हापुरात जुना मित्र चार वर्षांनी भेटला आणि मधल्या काळात त्याचं पोट पुढं आलं असलं, की पहिलं वाक्य ठरलेलं : “काय गड्या, तब्येत केलीयास!” हे कौतुक असतं. वजन उतरलेल्याला मात्र लगेच काळजीनं विचारतात, “काय रं, बरं न्हाई व्हय?” लग्नानंतर मुलगी अंगानं भरली की ती सासरी सुखात आहे, जावई भरला की घर खातंपितं आहे, असा आपला हिशेब. तब्येत या शब्दाचा अर्थच आपण वजन असा करून टाकला आहे. वीस वर्षं मी मंगळवार पेठेत औषधाचं दुकान चालवतो. कौतुकाची ही तब्येत दहा-पंधरा वर्षांनी माझ्या काउंटरवर येते. आधी बीपीची गोळी, मग शुगरची, मग ‘रक्त पातळ व्हायची’.

त्या तिसऱ्या गोळीबद्दल मला बोलायचं आहे. ती रक्त पातळ करत नाही, रक्त गोठण्याची क्रिया मंद करते. आणि ती सुरू करायची वेळ का आली, हे घेणाऱ्या दहांतल्या आठांना ठाऊक नसतं. जाडीबद्दल आपण बोलतो ते दिसण्याच्या अंगानं, आणि शुगरबद्दल बोलतो ते गोडाच्या पथ्यापुरतं. या दोन्हींमुळं रक्तवाहिनीत गुठळी व्हायचा धोका वाढतो, हे घरात कुणी बोलत नाही. मग ज्या दिवशी ते कळायलाच हवं, म्हणजे ऑपरेशनच्या, बाळंतपणाच्या, प्लॅस्टरच्या दिवशी, तेव्हाही ते राहून जातं. दवाखान्यानं हे रुग्णाला आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगणं सक्तीचं झालं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते मी घरच्या एका मरणातून शिकलो.

माझे मामा तरुणपणी पैलवान. पहाटे चारला तालीम, दूध-तूप-बदामाचा खुराक. पस्तिशीला कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. साठी ओलांडली तेव्हा वजन ११२ किलो, शुगर आठ-नऊ वर्षांची, आणि गुडघे कामातून गेलेले. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पाचव्या दिवशी घरी सोडताना मामींच्या हातात चार पानांचा इंग्रजी कागद दिला, त्याच्या तिसऱ्या पानावर ‘डीव्हीटी’ अशी तीन अक्षरं होती, म्हणजे पायाच्या खोल शिरेत होणारी रक्ताची गुठळी. त्या अक्षरांचा अर्थ मामींना कुणी सांगितला नाही. दिवसातून किती वेळा चालवायचं, गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायची सुई किती दिवस चालू ठेवायची, काय दिसलं तर धावत यायचं, काही नाही. घरातल्यांनी मग मायेनं जे सुचलं ते केलं. मामांना उठूच दिलं नाही. जेवण खाटेवर, चहा खाटेवर, उशाला रिमोट. पाहुणे येऊन सांगायचे, “आता नुस्ता आराम.”

बाराव्या दिवशी त्या पायाची पोटरी सुजली. ऑपरेशनचाच पाय, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही. मामींच्या हाताला ती गरम लागत होती. नस आखडली असेल म्हणून त्यांनी दोन दिवस कोमट तेल लावून ती चोळली. चौदाव्या दिवशी सकाळी मामा न्हाणीपर्यंत गेले आणि दारातच धाप लागून खाली बसले. दवाखान्यात पोचल्यावर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची उजवी बाजू फुगली आहे, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. दुपारी मामा गेले. दारात आलेल्यांना सगळ्यांनी सांगितलं, अटॅक आला. गावात आजही तसंच सांगतात.

मी औषधवाला माणूस. त्या चौदा दिवसांत दोनदा त्यांना भेटून आलो होतो. पायावरची चादर वर करून बघितली नाही.

‘अटॅक’ या एका शब्दाखाली आपण फार काही पुरून टाकतो. पोटरीतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली काय, हृदयाच्या धमनीत झाली काय, मेंदूत झाली काय, मरणाला एकच नाव. आणि नाव एकच असलं की ते दैवाचं वाटतं, टाळण्यासारखं वाटत नाही.

गुठळी होते कशी, हे समजायला आपल्याला पुस्तक नको. दही लावताना बघा. एक, विरजण लागतं. दोन, भांडं कसं आहे यावर बरंच असतं. तीन, पातेलं हलवायचं नाही. आमची आई विरजण लावलेल्या पातेल्याजवळून मोठ्यानं चालूसुद्धा द्यायची नाही. रुडॉल्फ विरखो हा जर्मन डॉक्टर १८५०च्या दशकात रक्ताबद्दल जे मांडत होता, ते वैद्यकात आजही अशाच तीन मुद्द्यांत शिकवतात : रक्तातच गोठण्याची ओढ वाढलेली असणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताची चाल मंदावणं. तिन्ही जमले की गुठळीचा धोका फार वाढतो.

जाड माणसाच्या अंगात हे तिन्ही एका ठिकाणी गोळा होतात. चरबी म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं पोतं, अशी आपली समजूत असते. पोटातली चरबी मात्र दिवसरात्र कामाला लागलेली असते. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरत राहतात. त्यांच्या जोरावर यकृत फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून होतात ते प्रथिन) आणि गोठवणारे इतर घटक जादा तयार करतं. हे झालं विरजण. त्याच रसायनांनी वाहिनीचं अस्तर सुजतं, म्हणजे भांडं खराब झालं. आपलं शरीर एरवी बारीकसारीक गुठळ्या करतं आणि विरघळवूनही टाकतं. त्या विरघळवण्याला खीळ घालणारं पीएआय-१ नावाचं एक प्रथिन ही चरबी भरपूर बनवते. म्हणजे लागलेलं दही घुसळायची रवीच बांधून ठेवली. राहिलं न हलणं. पायातलं रक्त हृदयाकडं वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, सुटतात, आणि शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. जाड माणूस चालतो कमी, आणि बसला की पोटाचा भार जांघेतल्या शिरांवर येतो. रक्त पायात तुंबून राहतं.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या वर असलेल्या माणसाला शिरेत गुठळी व्हायचा धोका बेताच्या वजनाच्या माणसापेक्षा दुप्पट ते तिप्पट असतो. त्यावर ऑपरेशन, मोडलेला पाय, कॅन्सर, बाळंतपण यांतलं काही आलं की तो कितीतरी चढतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला जाण्याबद्दलही लोक विचारतात. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात धोका दुपटीच्या आसपास जातो, पण धडधाकट माणसाला तो मुळातच फार थोडा असतो. प्रवास बंद करू नका. गाडी धाब्यावर थांबली की झोप आली तरी उतरा, एवढंच मी सांगतो.

शुगरची वाट थोडी वेगळी आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढती राहिली की धमन्यांचं, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचं, आतलं गुळगुळीत अस्तर खरखरीत होतं. धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या बारीक पेशी, चिडक्या होतात, जरा कारण मिळालं की एकमेकींना चिकटतात. गुठळीचं जाळं ज्या फायब्रिनच्या धाग्यांनी विणलं जातं, त्या धाग्यांनाही साखर चिकटते, मग ते जाळं दाट विणीचं होतं आणि लवकर विरघळत नाही. अशी गुठळी हृदयाच्या धमनीत झाली तर हार्ट अटॅक, मेंदूत झाली तर पक्षाघात, पायात झाली तर पाऊल काळं पडतं. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा आणि अशा पक्षाघाताचा धोका इतरांच्या दुपटीच्या आसपास असतो. पायाच्या शिरेतल्या, म्हणजे मामांसारख्या गुठळीत, शुगरचा स्वतःचा वाटा वजनापेक्षा बराच कमी आहे, हेही सांगायला हवं. पण आपल्या घरांत या दोघी वेगळ्या राहतात कुठं? एक आली की दुसरी मागं येतेच.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुकानात आले. नवी कोल्हापुरी चप्पल चावली म्हणून पट्टी मागत होते. अंगठा काळा पडलेला, कडेनं पांढरट ओलसर, वास येत होता. मी म्हटलं, “काका, हे आत्ताच्या आत्ता दाखवा.” ते म्हणाले, “दुखत न्हाई हो अजिबात. नुस्ती पट्टी द्या.” दुखत नव्हतं हीच तर भीती होती. साखरेनं पायाच्या मज्जातंतूंची संवेदना गेली होती आणि धमनीतून रक्त पोचत नव्हतं. शुगर जुनी झाली की हृदयाचंही तसंच होतं. छातीत कळ न येता नुसता घाम, नुसती धाप, एवढ्यावरच अटॅक येऊन जातो. त्या काकांचा अंगठा काढावा लागला, पाऊल वाचलं.

जाडी म्हणजे काय, याचाही आपल्याला अंदाज नाही. काउंटरवर मी शिंप्याचा टेप ठेवला आहे. कंबर विचारली की माणूस पॅंटचा नंबर सांगतो : चौतीस. कारण पॅंट पोटाच्या खाली बसलेली असते. टेप बेंबीच्या रेषेत धरला की एक्केचाळीस भरतात आणि तो टेपकडंच संशयानं बघतो. आपल्याकडं पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही पोटाच्या घेराची हद्द धरतात, इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. त्यापुढं धोका सुरू. वजनाच्या काट्यावर जाऊ नका, हे सांगायला आपल्या पुण्याचंच एक उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचा स्वतःचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या सहकाऱ्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि आत चरबी, अशी आपली ठेवण आहे. त्यामुळं “मी कुठं जाड आहे?” हे म्हणण्यात अर्थ नाही.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत (ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली) देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं निघालं. पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ ४० टक्के प्रौढांत. तुमच्या घरात पाच मोठी माणसं असतील तर दोघं त्यात आहेत.

यावर कोल्हापुरातलं हमखास उत्तर : आमचे आजोबा तांब्याभर दूध आणि वाटीभर तूप पचवत होते. पचवत होते, कारण पहाटे मोट हाकायला जात होते आणि संध्याकाळी बांधाबांधानं चालत परत येत होते. आज उसाला पाणी सोडायचं तर मोटर मोबाइलवरून चालू होते, आणि रान बघायचं तर मोटारसायकल बांधापर्यंत जाते. ऊस तोडायला बाहेरून टोळी येते. दुधाचा तांब्या तेवढा राहिला. शिवाय आपल्या जिल्ह्याचा गूळ नावाजलेला, म्हणून ‘शुगरवाल्याला साखर नको, गूळ चालतो’ हा समज इथं जरा जास्तच घट्ट. गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो, तो रक्तात साखरेसारखाच चढतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला मी दोष देत नाही. तो रोज नसतो. रोज असतं ते बसणं.

आता बाळंतिणीकडं येतो, कारण तिथं माया आणि धोका एका खाटेवर असतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईचं रक्त मुळातच जास्त गोठतं. प्रसूतीत रक्तस्राव होऊन जीव जाऊ नये, अशी ती निसर्गाचीच सोय. गुठळीचा धोका त्या काळात चार-पाच पटीनं जास्त असतो. त्यावर वजन, त्यावर गरोदरपणातली शुगर, त्यावर सिझर. अशा मुलीला आपण सव्वा महिना खाटेवर ठेवतो. खाली शेगडी, कानाला फडकं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आणि पोट सुटेल म्हणून पाणी घोट-घोट. शेकानं घाम जातो, वर पाणी कमी, अंगातलं पाणी आटतं. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होणं आपल्या देशातल्या डॉक्टरांना चांगलंच परिचयाचं आहे. डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, झटके येतात, आणि घरात त्याला बाहेरची बाधा समजून वेळ घालवला जातो. शेक-शेगडीत आई-आजीचा जो हात फिरतो, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्या खाटेवरून मुलीला दिवसातून चार-सहा वेळा उठवून चालवलं पाहिजे आणि मागेल तेवढं पाणी दिलं पाहिजे.

नवरात्राच्या आधीचे आठ दिवस मला दुकानात नकोसे होतात. “दादा, चार दिवस पुढं जायची गोळी द्या.” अंबाबाईला जायचं असतं, घट बसायचे असतात, सासूबाईंनी सांगितलेलं असतं. नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आहे. पाळी पुढं ढकलायला ती दिवसातून तीनदा घेतात, आणि त्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो. इस्ट्रोजेन गुठळीचं विरजण वाढवतं. तरुण, सडपातळ मुलीला धोका थोडा. पण मागायला येणाऱ्या बाईचं वजन नव्वद किलो आहे का, घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का, हे कोण विचारतं? मी विचारतो, तर ती रागानं पुढच्या दुकानात जाते आणि तिथं तिला गोळी मिळते. आमच्या धंद्यातल्या माणसांनी हे थांबवलंच पाहिजे. आणि अंबाबाईच्या दर्शनासाठी देह असा राबवावा लागतो का, हे एकदा घरातल्या बायकांनी बसून ठरवावं.

माझी मागणी फार मोठी नाही. शिरेतल्या गुठळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास दवाखान्यातला मुक्काम किंवा ऑपरेशन यांच्याशी जोडलेल्या असतात, म्हणजे माणूस डॉक्टरांच्या नजरेसमोर असताना किंवा नुकताच घरी गेलेला असताना. इंग्लंडमध्ये २०१० पासून सरकारी रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाचा गुठळीचा धोका मोजून नोंदवावा लागतो. एक पानी तक्ता : वय, वजन, आजार, पूर्वी गुठळी झाली होती का, किती दिवस हालचाल बंद राहणार. जिथं हे नेमानं केलं गेलं तिथं गुठळीनं होणारे मृत्यू कमी झाले. आपल्याकडं काही चांगले सर्जन हे करतात. पण ते सर्जनच्या स्वभावावर सोडलेलं आहे. राज्यानं २०२१ मध्ये नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला लावली, तसंच हे पान प्रत्येक केसपेपरला जोडायला लावता येईल. आणि घरी सोडताना अर्ध्या पानाचा मराठी कागद, वाचून दाखवून दिलेला.

डॉक्टर म्हणतात, सांगितलं तर लोक घाबरतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच कोल्हापुरात भाजी विकणाऱ्या मावशीसुद्धा माझ्याकडं येऊन ‘डी-डायमर किती आलंय’ ते (गुठळीचा माग काढणारी रक्ततपासणी) सांगायच्या आणि पोटातल्या सुईचं नाव अचूक उच्चारायच्या. लोक शिकतात, शिकवलं तर. सुई सगळ्यांना द्या असंही मी म्हणत नाही. तिनं रक्तस्राव होऊ शकतो, कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवणार. घट्ट मोजे, लवकर उठवणं, पाणी, आणि लक्षणांची माहिती, यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

वजनाच्या मूळ दुखण्यावर मात्र शहरानं काही केलं पाहिजे. जाड माणसाला चिडवून ते कुणाचंच उतरलेलं नाही. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी शुगर, बीपी आणि ते पीएआय-१ खाली यायला लागतं, आणि तेवढं चालण्यातून आणि ताटातून साधतं. पण रंकाळ्यावर फिरायला जाणं रंकाळ्याजवळ राहणाऱ्यालाच जमतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतून तालमी नांदल्या. तालमीची इमारत आजही पेठेच्या मधोमध, पायी पाच मिनिटांवर आहे. पैलवानांची मेहनत झाली की सकाळी आठ ते दहा ती पेठेतल्या बायकांना, शुगरवाल्यांना, कुस्ती सुटलेल्या जुन्या पैलवानांना का उघडी असू नये? ज्यानं जन्मभर जोर-बैठका मारल्या, त्याची मेहनत सुटताना त्याचा खुराक कसा उतरवायचा, हे वस्तादानं त्याला सांगायला नको का? मामांना हे सांगणारं कुणी असतं तर गुडघ्यांचं ते ऑपरेशनसुद्धा कदाचित लागलं नसतं.

गेल्या महिन्यात मामांच्या सुनेचं सिझर झालं. वजन ८८ किलो, सातव्या महिन्यापासून शुगर. दवाखान्यातून पुन्हा इंग्रजीच कागद मिळाला. या वेळी मी तो घेऊन डॉक्टरांसमोर बसलो आणि त्यांना विचारून मराठीत उतरवला. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर तेल चोळायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरेतल्या रक्ताची सोनोग्राफी, करायला यायचं. एकाएकी धाप, छातीत श्वासाबरोबर कळ, खोकल्यात रक्त, तर रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं. डोकं दुखायचं थांबत नसेल, झटका आला, तर बाहेरचं बघत बसायचं नाही. दर दोन तासांनी खोलीतल्या खोलीत चालायचं. पाणी पोटभर.

मामींनी तो कागद खाटेच्या वर भिंतीला डकवला आणि घड्याळ बघून सुनेला उठवत राहिल्या. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याची तारीख ठरली आहे, त्यांच्यासाठी मामींनी त्याची झेरॉक्स मागितली. मी पन्नास काढून आणल्या. गुडघ्याचं, खुब्याचं, सिझरचं औषध न्यायला जो येतो, त्याच्या पिशवीत एक टाकतो.